विश्वास मोजू नका, बाजेचा एक कोपरा धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं छोटंसं पत्र होतं. नाव छापलेलं नव्हतं. मी ख्रिस्ती आहे, रोज बायबल उघडतो पण हल्ली प्रार्थनेला बसलं की आतून काहीच येत नाही, माझा विश्वास संपला का, असं त्यांनी विचारलं होतं. चार-पाच ओळीच होत्या. मी ते पत्र कापून बायबलमध्ये ठेवलंय आणि तेव्हापासून त्या माणसाचा विचार डोक्यातून जातच नाहीये. त्यांना उत्तर द्यायला मी काही चर्चची पाळक नाही की बायबल कॉलेजला गेलेली नाही, पण ते जिथे बसलेत त्या जागेवर मी पण बसलेली आहे, एक-दोन दिवस नाही तर चार वर्षं, म्हणून लिहितेय. त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ते पत्र वाचून कोणाला काही न बोलता पान उलटलं असेल त्यांच्यासाठी पण.

भाऊ, तुमचा विश्वास संपलेला नाही. जे संपलंय त्याच्यासाठी कोणी पेपरला पत्र लिहीत बसत नाही.

माझ्या आईला ब्रेन स्ट्रोक झाला. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं गेलं, गिळता येईना म्हणून नाकातून नळी. घरी आणायच्या आदल्या दिवशी सिस्टरने मला शिकवलं की दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री सुद्धा, नाहीतर एकाच जागी दाब पडून तिथे रक्त पोचत नाही आणि बेडसोर होतात, आणि एकदा ती जखम झाली की भरून यायला महिने जातात. दिवसा भाऊ आणि वहिनी बघायचे, मी ऑफिसला, रात्र माझ्याकडे. दहा, बारा, दोन, चार, सहा. मोबाईलला पाच अलार्म लावलेले होते आणि ते चार वर्षं तसेच होते.

आता हे सांगायला पाहिजे की त्याआधी मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना चालवणारी होते. बायकांच्या प्रार्थनेत मला पुढे बसवायचे, कोणाच्या घरी आजारपण आलं की फोन यायचा, ताई आमच्यासाठी प्रार्थना करा, आणि मला शब्द शोधावे लागत नव्हते, आपोआप यायचे, कधीकधी अर्धा-अर्धा तास. मला ते मनापासून आवडायचं आणि ते खोटं नव्हतं हे मी आजही सांगते. आईचं झालं तेव्हा पहिले दोन-तीन महिने मी तशीच प्रार्थना केली, रडून केली, उपास करून केली, वचनं धरून केली. मग हळूहळू आटत गेलं. एका रात्री दोनच्या अलार्मला उठले, आईची कूस बदलली, पाठीमागे उशी लावली आणि सवयीने गुडघ्यावर बसले आणि तोंडातून एक शब्द फुटेना. राग पण नव्हता. राग असता तर निदान भांडता आलं असतं. काहीच नव्हतं, नुसता एअर बेडच्या पंपाचा आवाज. मी तशीच उठून खुर्चीत बसले. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री पण तेच, आणि मग मी गुडघ्यावर बसायचंच सोडलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. कसं सांगणार, ज्या बाईला लोक प्रार्थनेसाठी फोन करतात तिने कोणाला फोन करायचा.

त्या दिवसांत मी बायबल वाचायचा प्रयत्न करायचे ते पण जमायचं नाही. डोळे ओळींवरून फिरायचे आणि आत काही जायचं नाही. एकदा असंच चाळताना स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे बायबलमधल्या गीतांच्या पुस्तकातलं, स्तोत्र ११७ समोर आलं. ते सगळ्यात लहान स्तोत्र, २ वचनांचं. मला वाटलं एवढं तरी वाचू शकते, आणि वाचलं. कसलाही अनुभव आला नाही, अंगावर काटा आला नाही, पण वाचून झालं. पुढच्या रात्री परत तेच वाचलं. मग मी मुद्दाम लहान-लहान शोधायला लागले. १३४ वं सापडलं, ३ वचनांचं, आणि ते तर रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहून सेवा करणाऱ्यांसाठीच आहे. मंदिरात रात्रीच्या पाळीला कोणीतरी असायचं, सगळं गाव झोपलेलं असताना, आणि त्यांच्यासाठी कोणीतरी एक स्तोत्र ठेवून दिलंय. मला त्याच्या आधी हे माहीतच नव्हतं. म्हणजे वाचलं असणार दहा वेळा, पण रात्रीची ड्यूटी नसताना ते दिसत नाही.

आणि १२१. ते तर आपल्या सगळ्यांना पाठ असतं, मी माझी दृष्टी पर्वतांकडे लावतो. मला पण लहानपणापासून पाठ. पण त्यात पुढे जे आहे, की तुला राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही, ते मला दोनच्या अलार्मला कळलं. त्या खोलीत जागी मी एकटीच होते असं मी धरून चालले होते. तेव्हापासून मी एक ठरवलं की प्रार्थना जमत नाही तर नाही, पण कूस बदलताना एक ओळ म्हणायची. मोठ्याने पण नाही, पुटपुटत. आईला डाव्या अंगावर करताना एक ओळ, उजव्या अंगावर करताना एक ओळ. मनात श्रद्धेचा पूर वगैरे काही नव्हता, झोप होती, पाठ दुखत होती. पण ओळ म्हणायचे.

मला तेव्हा वाटायचं की ही काही खरी प्रार्थना नव्हे, हे नुसतं चालू ठेवणं आहे. आता मला वाटतं की तीच खरी होती, निदान आधीच्या अर्ध्या तासाच्या प्रार्थनांइतकी तरी खरी. कारण पकडून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशूने काय केलं बघा, मत्तय स्पष्ट लिहितो की तो तिसऱ्यांदा गेला आणि पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेच शब्द. नवीन शब्द नाहीत, सुंदर शब्द नाहीत. ज्याने डोंगरावर ते प्रवचन दिलं त्याच्याकडे त्या रात्री एकच वाक्य होतं आणि त्याने ते तीन वेळा म्हटलं, आणि जवळचे मित्र झोपलेले होते. हे वाचल्यावर मला माझ्या एका ओळीची लाज वाटायची थांबली.

आपल्या लोकांची एक मोठी अडचण आहे, मंडळीतले लोक कदाचित रागावतील पण मी बोलते. आपण साक्ष द्यायला उभे राहतो तेव्हा नेहमी शेवट झालेली गोष्ट सांगतो. मी आजारी होते, प्रार्थना केली, बरी झाले, प्रभूची स्तुती असो. ते चांगलंच आहे, ते सांगायलाच पाहिजे. पण ज्याची गोष्ट अजून मध्येच अडकलीय तो मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि त्याला वाटतं की इथे फक्त माझंच काहीतरी बिघडलंय. बायबलमध्ये असं नाहीये हो. १५० स्तोत्रांमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा विलाप आहे, रडणं, तक्रार, कुठे आहेस तू म्हणून विचारणं. १३ व्या स्तोत्रात पहिल्या २ वचनांतच ४ वेळा कोठवर, कोठवर आलंय. आणि ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी काही वळण येत नाही, पण मी तुझ्यावर भरवसा ठेवतो असं काही समारोपाचं नाही, अंधारातच संपतं. कोणीतरी ते लिहिलं, कोणीतरी ते देवाच्या लोकांच्या गीतांमध्ये ठेवलं आणि कोणी नंतर त्याला गोड शेवट जोडला नाही. मग आपण आपल्या रविवारच्या उपासनेत अशा माणसाला जागा का देत नाही. ज्याला आज स्तुती करता येत नाही त्याच्यासाठी पण देवाने गाणं ठेवलंय ना.

मदर तेरेसा यांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा बऱ्याच लोकांना धक्का बसला होता. त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलं होतं की आत अंधार आहे, देव जवळ आहे असं जाणवत नाही, आणि हे थोडेथोडके दिवस नाही, जवळजवळ ५० वर्षं, मधला थोडा काळ सोडला तर शेवटपर्यंत. आणि ती सगळी वर्षं त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि मरणाऱ्यांची सेवा करत होत्या. काही लोक तेव्हा म्हणाले की बघा त्यांचा विश्वासच नव्हता. मला तर उलट वाटलं. काही जाणवत नसताना इतकी वर्षं कोण उठेल? मी ते आईच्या आजारपणात कळवळून वाचलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाही.

आता त्या गोष्टीवर येते जी मला सगळ्यात जास्त सांगायचीय.

आमच्याकडे प्रार्थनेला लोक यायचे. बहुतेक सगळे प्रेमाने यायचे. पण एक दिवस एका प्रार्थना ग्रुपमधून दोघं आले, मी त्यांना फार ओळखत नव्हते, आईच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, आणि निघताना दारात मला म्हणाले की बहिणी, बरं होत नाहीये म्हणजे घरात कुठेतरी पाप लपलंय नाहीतर तुझा विश्वास कमी पडतोय, शोधून काढ. आणि गेले. मी दार लावलं आणि तिथेच खाली बसले. आत आई होती, तिला बोलता येत नव्हतं पण ऐकू सगळं येत होतं. ते तिने ऐकलं की नाही हे मला आजपर्यंत माहीत नाही आणि त्या गोष्टीचं मला अजूनही वाईट वाटतं.

मी त्यांना माफ केलंय, वेळ लागला पण केलं. पण जे असं बोलतात त्या सगळ्यांना मला हात जोडून सांगायचंय की योहानाचा ९ वा अध्याय एकदा नीट वाचा. जन्मांध माणूस समोर आहे आणि शिष्य विचारतायत, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापाने. तोच प्रश्न. आणि प्रभू म्हणतो ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापानेही नाही. ज्याचं सगळं गेलं आणि अंगभर फोड आले त्या ईयोबाचे मित्र बघा. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि ते त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय ते त्याला पटवत राहिले की तूच काहीतरी केलं असणार, आणि शेवटच्या ४२ व्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसे. ईयोब, ज्याने देवाशी एवढा वाद घातला, तो बरोबर ठरला आणि देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले. आणि प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचा कसलासा त्रास? तीनदा विनंती केली त्याने, तीनदा, आणि काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढं उत्तर आलं. आता पौलाला पण कोणी सांगणार का, तुझा विश्वास कमी पडला म्हणून.

आणि मार्काच्या ९ व्या अध्यायातला तो बाप, ज्याच्या मुलाला लहानपणापासून झटके यायचे. मला तो माणूस सगळ्या बायबलमध्ये फार जवळचा वाटतो. तो काय म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही. आणि प्रभूने त्याला असं नाही सांगितलं की आधी घरी जा, विश्वास पूर्ण कर आणि मग मुलाला घेऊन ये. मुलाला तिथेच बरं केलं. त्या दिवशी मुलगा बरा झाला आणि माझी आई बरी झाली नाही, ह्याचं कारण मला माहीत नाही आणि जो कोणी मला ते कारण सांगायला येईल त्याचं मी ऐकणार नाही. पण अर्धवट विश्वास घेऊन आलेल्याला त्याने परत पाठवलं नाही एवढं मला पक्कं माहीत आहे आणि मी त्याच्यावर आजवर उभी आहे.

मंडळीत एक मावशी आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. रिटायर झालेल्या, गुडघे दुखतात, जिना चढायला पाच मिनिटं लागतात. त्यांनी कधी पुढे येऊन प्रार्थना केलेली मी पाहिली नव्हती, गाण्यात पण मागे असायच्या. दुसऱ्या वर्षी कधीतरी त्या एका गुरुवारी दुपारी आल्या. मी त्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणून ऑफिसमधून घरी आले होते. त्यांनी मला बघितलं आणि विचारलं, शेवटची सलग झोप कधी झाली तुझी? मला सांगता येईना. त्या म्हणाल्या तू आत जाऊन झोप, कूस कशी बदलायची ते मला दाखव आणि जा. मी म्हटलं मावशी तुमचे गुडघे, त्या म्हणाल्या गुडघ्यांचं मी बघते. मी झोपले. तीन तास झोपले. उठले तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता, त्या आईशी बोलत होत्या, मंडळीतल्या बातम्या सांगत होत्या, कोणाला नातू झाला, कोण परगावी गेलं, जसं कोणी मैत्रिणीशी बोलतं तसं, आणि मध्येच त्याच आवाजात, काही वेगळा सूर न लावता, देवाशी बोलायला लागल्या. प्रभू हिची मुलगी दमलीय, तिला जरा बघ. एवढंच. आणि परत आईशी गप्पा.

मी पलीकडे पडून ते ऐकलं आणि कित्येक महिन्यांनी रडले.

त्यानंतर त्या दर गुरुवारी यायला लागल्या. मी गुरुवारी हाफ डे घ्यायला लागले. त्यांनी मला कधी विचारलं नाही की तू प्रार्थना करतेस का, बायबल वाचतेस का. मीच एकदा न राहवून सांगून टाकलं की मावशी मला प्रार्थना येत नाही आता, आत काहीच नाही. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. त्या टॉवेलची घडी घालत होत्या, घडी घालता घालता म्हणाल्या, मग तू कशाला करतेस, मी करतेय ना, तू तोवर आराम कर.

तेव्हा मला मार्काच्या २ ऱ्या अध्यायातले ते चौघे आठवले. कफर्णहूमातलं ते घर, दारात पाय ठेवायला जागा नाही, आणि चौघं जण एका पक्षाघाताच्या माणसाला बाजेवर घालून आणतात, छप्पर उसकटतात आणि बाज वरून खाली सोडतात. ही गोष्ट मी लहान मुलांना शिकवलीय, चित्रं काढून शिकवलीय. पण त्यातलं एक वाक्य मी कधी थांबून वाचलंच नव्हतं. येशूने त्यांचा विश्वास पाहून त्या माणसाला म्हटलं, मुला, तुझ्या पापांची तुला क्षमा झाली आहे. त्यांचा विश्वास पाहून. बाजेवरच्या माणसाचा विश्वास होता की नव्हता, त्याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, तो कंटाळलेला होता का, त्याने आशा सोडली होती का, मार्क एक शब्द लिहीत नाही. तो उचलून आणला गेला एवढंच कळतं. मी इतकी वर्षं स्वतःला त्या चौघांपैकी एक समजत होते, छप्पर उघडणारी. आणि आता मी बाजेवर होते आणि एक गुडघेदुखीवाली मावशी कोपरा धरून जिना चढत होती.

म्हणून भाऊ, तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच की कोणाला तरी सांगा. पेपरला सांगितलंत ते चांगलं केलंत, पण जो तुमच्या घरी येऊ शकेल अशा एका माणसाला सांगा. शक्यतो जास्त न बोलणाऱ्याला सांगा. त्याला म्हणा की मला सध्या प्रार्थना जमत नाही, तू माझ्यासाठी कर. ह्यात कमीपणा काही नाही. प्रभूने शिकवलेली प्रार्थनाच बघा, आमच्या स्वर्गातील पित्या, आमची रोजची भाकर, आमची ऋणं, आम्हाला परीक्षेत आणू नकोस. त्यात मी, माझं, मला हा शब्द एकदाही नाही. ती कोणीही कुठेही म्हणत असेल तर त्यातल्या आमची मध्ये मी आहेच. मी ज्या रात्री गप्प बसले होते त्या रात्री पण जगात कुठेतरी दिवस होता आणि कोणीतरी ती म्हणत होतं, आणि माझ्यासाठी पण म्हणत होतं, त्याला माहीत नसताना.

आणि तुम्ही रोज बायबल उघडता असं लिहिलंय, ते बंद करू नका. काही जाणवलं नाही तरी उघडा. कमी वाचा हवं तर, अगदी २ वचनं. मी एकदा मान्नाचा, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाचा, तो निर्गमचा १६ वा अध्याय वाचत होते, रोज सकाळी गोळा करायचा, ज्याचा-त्याचा त्या दिवसापुरता, आणि कोणी उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे, वास यायचा. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट, तेवढाच काय तो अपवाद. आणि ४० वर्षं हे चाललं. मला वाटतं माझं तेच झालं होतं. मी माझ्या जुन्या अनुभवांवर जगायला बघत होते, दहा वर्षांपूर्वी त्या उपासनेत कसं भरून आलं होतं, कॉलेजमध्ये असताना प्रभू किती जवळ होता, आणि आज तसं का नाही म्हणून रडत होते. तो कालचा मान्ना होता. तो तेव्हा खरा होता, पोट भरलं होतं त्याने, पण आजच्यासाठी साठवून ठेवायला तो दिलाच नव्हता. आजचा कदाचित अगदी थोडा असेल, मूठभर, चव पण नसेल कळत. पण आजचा असेल.

शरीराकडे पण लक्ष द्या हे मी जोर देऊन सांगते कारण आपण विश्वासणारे लोक त्याला आध्यात्मिक मानत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून आता मला मरू दे म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, आणि तो परत झोपला, आणि देवाने त्याला झोपू दिलं, आणि परत उठवून खायला दिलं. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगरावर. मावशींनी मला आधी झोपायला सांगितलं तेव्हा त्यांनी हा अध्याय आठवून सांगितलं असेल असं नाही, पण त्यांनी तेच केलं. तुमची झोप होत नसेल, कामाचं खूप टेन्शन असेल, मन सतत उदास असेल तर डॉक्टरकडे जा, समुपदेशकाकडे जा. त्याने विश्वास कमी होत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

आई चौथ्या वर्षाच्या शेवटी गेली. पहाटे चारच्या अलार्मला मी उठले तेव्हा श्वास वेगळा चालला होता, भावाला उठवलं, आम्ही दोघं बसलो. मला शेवटच्या क्षणी काही मोठा प्रकाश वगैरे दिसला नाही. मी माझी ओळ म्हटली, रोजचीच. आता तिची कूस बदलायची नव्हती, तरी पण म्हटली. भावाने आमच्या स्वर्गातील पित्या सुरू केलं आणि मध्येच त्याचा आवाज बंद पडला, उरलेली मी म्हटली, आणि मला तेव्हा लक्षात आलं की मी म्हणतेय आणि मला म्हणता येतंय. किती तरी दिवसांत मी ती पूर्ण म्हटली नव्हती. येशू त्याचा मित्र लाजर ह्याच्या कबरेजवळ रडला, त्याला थोड्या वेळाने उठवणार होता हे माहीत असून रडला, म्हणून मी पण त्या दिवशी माझं रडणं अडवलं नाही. तिचं पुनरुत्थान होणार ह्यावर माझा विश्वास आहे. आणि मी तिच्यासाठी खूप रडले, अजून पण रडते.

जुन्या प्रार्थना परत आल्या का असं तुम्ही विचाराल. खरं सांगते, तशा नाही आल्या. मंडळीत आता मला पुढे बसायला सांगितलं तर मी नको म्हणते. माझी प्रार्थना अजून छोटीच आहे, बहुतेक वेळा एक-दोन ओळी, कधी नुसतं प्रभू म्हणून गप्प बसणं. पौल रोमकरांना लिहितो ना, की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. मी ते आता नुसतं वाचत नाही, त्याच्यावर विसंबून असते. पण ती ओळ आता कोरडी नाही. कधी ओली झाली ते मला सांगता येणार नाही, तारीख नाही त्याला.

रात्री दोनला मला अजून जाग येते. अलार्म काढून टाकलेत तरी येते. आधी मी परत झोप यावी म्हणून तळमळायचे, आता उठून बसते आणि १२१ वं म्हणते आणि मग कोणाकोणाची नावं घेते. ज्यांच्या घरी आत्ता कोणीतरी कोणाची तरी कूस बदलत असेल त्यांच्यासाठी. गेल्या आठवड्यापासून त्यात तुमच्यासाठी पण एक ओळ असते भाऊ, नाव माहीत नाही म्हणून पेपरात पत्र लिहिणारे असं म्हणते, प्रभूला कळतं कोण ते.

मावशींचे गुडघे आता फारच बिघडलेत, जिना त्यांना जमतच नाही. मंडळीत एका जोडप्याचा मुलगा आहे, वयाने मोठा आहे पण त्याला सगळं करावं लागतं, त्यांना पण रात्रीची झोप नाही. दर गुरुवारी दुपारी मी तिकडे जाते. पहिल्या दिवशी मी त्या मुलाच्या आईला म्हटलं की काय कसं करायचं ते मला दाखवा आणि तुम्ही आत जाऊन झोपा. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग गेली.

संपादक साहेब, पत्र फार लांबलंय हे मला कळतंय आणि तुमच्याकडे जागा कमी असते. कापावं लागलं तर आईच्या आजारपणाच्या गोष्टी कापा, मदर तेरेसा यांचं पण कापलं तरी चालेल, पण ते चौघे आणि ती बाज तेवढं राहू द्या, आणि जमलं तर त्या वाचकाचं पत्र जिथे छापलं होतं त्याच पानावर हे छापा, म्हणजे त्यांच्या नजरेस पडेल.

आपली,
एक वाचक